कफाला कोर्टात सांगितला. घरात कधी आणणार?

19 फेब्रुवारी 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर निकाल दिला. बाल न्याय कायद्याखाली मूल दत्तक घ्यायचे असेल तर धर्म आड येणार नाही, इच्छा असलेल्या मुस्लिमालाही तो मार्ग खुला आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. या खटल्यात ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही आपले म्हणणे मांडले होते. इस्लाममध्ये दत्तक मूल पोटच्या मुलाच्या बरोबरीचे मानले जात नाही, आपल्याकडे त्यासाठी 'कफाला' आहे, असे बोर्ड म्हणाले. कफील मुलाला सांभाळतो, त्याचा खर्च उचलतो, पण मूल आपल्या जन्मदात्या आईबापाचेच राहते. बोर्डाने हेही दाखवून दिले की कायद्यात दत्तक हा एकच उपाय नाही, फॉस्टर केअरही आहे. आणि संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराच्या कलम 20 मध्ये तर कफाल्याचा नावानिशी उल्लेख आहे.

युक्तिवाद म्हणून यात चुकीचे काही नव्हते. प्रश्न त्यानंतरचा आहे. ज्या कफाल्याचा हवाला आपण देशाच्या सर्वोच्च न्यायालयात दिला, तो आपल्या गल्लीत कुठे दिसतो? निकालानंतर किती जमातींनी आपल्या कुटुंबांना बोलावून सांगितले की या, नाव नोंदवा, एखाद्या मुलाचे कफील व्हा? किती मशिदींतल्या जुम्म्याच्या खुतब्यात हा विषय निघाला? 'दत्तक नको' म्हणायचे होते तेव्हा कफाला आठवला. दत्तकाचा वाद मिटला आणि कफालाही वकिलाच्या फाइलीत बंद झाला.

हे काही नवे नाही. 1972 च्या दत्तक विधेयकाला मुस्लिम नेतृत्वाने विरोध केला. 1980 चे विधेयक तर मुस्लिमांना वगळूनच मांडले गेले. म्हणजे पन्नास वर्षांहून अधिक काळ आपण काय नको ते सांगत आलो. काय हवे, ते करून दाखवले नाही. आणि ज्या मुलाच्या नावाने हा वाद चालला, ते बालगृहाच्या खाटेवरच झोपत राहिले.

यतीम कोणाला म्हणायचे?

शरियतच्या भाषेत यतीम म्हणजे ज्याचा बाप वारला आहे असे अल्पवयीन मूल. या व्याख्येतच आई जिवंत असू शकते. आपल्या यतीमखान्यांत गेलात तर हेच दिसते. कुणाची आई विधवा आहे, कुणाची तलाकशुदा, कुणाची आजारी. कुणाचा बाप हयात आहे, पण दारूत बुडालेला किंवा दुसरा संसार थाटून बसलेला. या मुलांना आई आहे. तिच्याकडे खोलीचे भाडे नाही, एवढेच.

अशा वेळी आपण काय करतो? आईला भाडे देत नाही. तिच्यापासून मूल घेतो, शंभर किलोमीटरवरच्या इमारतीत ठेवतो, त्याला कुर्ता-टोपी घालून रांगेत उभे करतो, फोटो काढतो आणि रमजानमध्ये तो फोटो पावतीपुस्तकावर छापतो. देणाऱ्याला सवाब मिळाल्याचे समाधान, संस्थेला इमारत, विश्वस्तांना मान. आईला काय मिळाले? वर्षातून दोनदा भेट. मुलाला काय मिळाले? जेवण, शिक्षण आणि रात्री उशाला कोणी नाही ही खात्री.

संस्था चालवणारे सगळे वाईट आहेत, असे मला म्हणायचे नाही. अनेकांनी आयुष्य घातले आहे, आणि काही मुलांना खरोखर दुसरा निवारा नसतो. पण अपवादासाठी बांधलेली गोष्ट आपण रीत करून टाकली. ज्या जकातीतून मुलाला खाट मिळते, त्याच जकातीतून आईला घरभाडे आणि शिलाई मशीन मिळू शकते. गरीब विधवा जकातीची हकदार आहे, याबद्दल कोणत्या आलिमचे दुमत आहे? नातेवाइकाला दिले तर दानही होते आणि नातेही जपले जाते, हेही आपल्याला लहानपणापासून शिकवले आहे. तरीही पैसे इमारतीकडेच जातात, कारण इमारतीवर नावाची पाटी लागते.

देशाचा कायदा या बाबतीत आपल्या वागण्यापेक्षा आपल्या शिकवणीच्या जवळ आहे. 2015 चा बाल न्याय कायदा म्हणतो की मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी या कायद्याने बंधनकारक आहे. नोंदणी न करणे हा गुन्हा आहे. 'सरकार आमच्यावर नजर ठेवते' ही आपली तक्रार आजच्या वातावरणात खोटी नाही. पण नोंदणी टाळल्याने उघडे पडते ते मूल. त्याला मारहाण झाली, त्याच्यावर अत्याचार झाला, तर विचारायला येणारे कोणीच उरत नाही.

पहिली पायरी आई, दुसरी पायरी घर

उतरंड अशी असायला हवी: मूल आईजवळ राहू शकत असेल तर आईला मदत. ते जमत नसेल तर आजी, मामा, फुफी. तेही नसेल तर दुसरे कुटुंब. संस्था सर्वांत शेवटी.

पहिल्या पायरीसाठी योजना आहेत आणि आपल्यातल्या फार थोड्यांना त्या माहीत आहेत. महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. अनाथ, एकच पालक असलेल्या, पालक तुरुंगात किंवा गंभीर आजारी असलेल्या मुलांसाठी 2023 पासून तिची रक्कम दरमहा 2250 रुपये आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वासाठी दरमहा 4000 रुपयांची तरतूद आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात 72 हजार आणि शहरी भागात 96 हजारांच्या आत असावे लागते. भिवंडीत लूमवर जाणाऱ्याची विधवा, मालेगावात घरी बसून शिवणकाम करणारी तलाकशुदा बाई, या अटीत सहज बसतात. अडते ते मृत्यूच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर, तलाक तोंडी झाला म्हणून कागद नसण्यावर. इथे यतीमखान्याचा काहीच उपयोग नाही. तहसील कार्यालयात तिच्यासोबत चार खेटे घालणारा एक पदवीधर पोरगा हवा.

दुसरी पायरी म्हणजे फॉस्टर केअर, ज्याला मराठीत प्रतिपालकत्व म्हणतात. बाल न्याय कायद्याचे कलम 44 ती सांगते. बालकल्याण समितीच्या आदेशाने मूल काही काळासाठी किंवा दीर्घ काळासाठी एखाद्या कुटुंबात राहते. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवायचे असते. शिक्षण, आरोग्य, आहार ही त्या कुटुंबाची जबाबदारी असते. समितीने दरमहा पाहणी करायची असते. आईबाप असमर्थ ठरल्यामुळे मूल दुसरीकडे ठेवले असेल, तर त्यांना ठरावीक काळाने मुलाला भेटता येते. ते सावरले की मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकते. भेट रोखायची असेल तर समितीला कारण लिहून ठेवावे लागते.

आता हे कफाल्याशी ताडून पाहा. नाव बापाचे राहते. नाते तुटत नाही. सांभाळणारा मालक होत नाही. फरक एवढाच की कफाला अनेकदा मूल मोठे होईपर्यंत चालतो आणि फॉस्टर केअरमध्ये मूल परत जाण्याची वाट उघडी ठेवलेली असते. हा फरक धर्माच्या विरोधात जात नाही. उलट, आईचा हक्क त्यात अधिक जपला जातो.

नेहमीच्या हरकती

पहिली हरकत नावाची. सूरह अल-अहजाबमध्ये मुलांना त्यांच्या बापाच्या नावाने हाक मारण्याचा आदेश आहे. अगदी बरोबर. फॉस्टर केअरमध्ये नाव बदलतच नाही. नाव बदलले जाते ते आपल्या घरात! बहिणीचे चौथे मूल मूलबाळ नसलेल्या बहिणीला 'गोद' दिले जाते, शाळेच्या दाखल्यावर, आधारवर नवा बाप चढवला जातो, आणि मुलाला खरी गोष्ट निकाहच्या वेळी शेजारणीकडून कळते. यात कुरआनचा आदेशही मोडतो आणि देशाचा कायदाही. त्यावर कोणी फतवा विचारायला जात नाही. सरकारी योजनेचा अर्ज समोर आला की मात्र सर्वांना आयत आठवते.

दुसरी हरकत महरम-गैरमहरमची. मूल मोठे झाल्यावर पडद्याचे काय? प्रश्न प्रामाणिक असेल तर उत्तर अवघड नाही. ज्या घरात मुली आहेत तिथे मुलगी, मुले आहेत तिथे मुलगा, असे कुटुंब समितीला आधीच सांगू शकते. पण आपण थोडे स्वतःकडेही बघू. चुलत आणि मामे भावंडेही गैरमहरमच असतात. मुंब्र्यातल्या दोन खोल्यांत तीन भावांचे संसार वाढतात, चुलत भाऊ-बहीण एकाच ताटात जेवतात, तेव्हा हा प्रश्न कोणी काढत नाही. मर्यादा तिथे पाळता येते, तर इथेही येईल.

तिसरी हरकत वारशाची. फॉस्टर मुलाला वारसा मिळत नाही, आणि ते मागायलाही आलेले नसते. कुणाला द्यायचेच असेल तर हयातीत हिबा करता येतो, एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते. हे आपल्या फिक्हमध्ये पूर्वीपासून आहे.

चौथी हरकत पैशाची: सरकारकडून रक्कम घेऊन मूल सांभाळणे बरे दिसते का? सूरह निसामध्ये यतीमांच्या मालाबद्दल बोलताना सुस्थितीतल्या पालकाने काही घेऊ नये आणि गरजू पालकाने रीतीप्रमाणे घ्यावे, असा मार्ग सांगितला आहे. तोच विवेक इथे वापरा. रिक्षा चालवणाऱ्या कुटुंबाने मुलाच्या नावाची रक्कम मुलावर खर्च करण्यात लाज कसली?

पाचवी हरकत सर्वांत खरी आहे आणि ती भीतीची आहे. 'आम्ही मूल घरात आणले आणि उद्या कोणी धर्मांतराचा आरोप केला तर?' या काळात ही भीती हसण्यावारी नेता येणार नाही. म्हणूनच सगळे कागदावर, समितीच्या आदेशाने, उघडपणे करायचे. कायद्याची रीत सोडून मूल घेणे-देणे हा तसाही गुन्हा आहे. आणि मूल दुसऱ्या धर्माचे असेल तर कफाल्याचे तत्त्व तिथेही लागू होते: त्याचे नाव, त्याचे सण, त्याची प्रार्थना त्याचीच राहते. पण आधी आपल्याच मुलांचे बघा. भारताने 1992 मध्ये मान्य केलेला बालहक्क करार सांगतो की मुलाची धार्मिक, सांस्कृतिक आणि भाषिक पार्श्वभूमी लक्षात घ्यावी. समितीने ती लक्षात घ्यायची ठरवली, तर यादीत मुस्लिम कुटुंब असायला हवे ना? आपण नावच नोंदवायचे नाही आणि मग आपले मूल परक्या संस्कारात वाढते म्हणून ओरडायचे, ही लबाडी आहे.

आईला बाजूला सारून नाही

इथपर्यंत पटलेल्यांशीही माझे एक भांडण आहे. 'आम्ही मूल घ्यायला तयार आहोत, पण मागे कोणी नको', असे म्हणणारी चांगली माणसे खूप भेटतात. त्यांना मूल हवे आहे, मुलाची आई नको आहे. प्रतिपालकत्वाकडे दत्तकाचा मागचा दरवाजा म्हणून पाहणाऱ्यांनी या वाटेला न आलेले बरे. ज्या मुलांचा परतीचा मार्ग खरोखर संपला आहे, त्यांच्यासाठी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत दोन वर्षांनी दत्तकाची सोय आहे. पण बाकीच्यांना आई आहे आणि ती त्यांना हवी आहे.

आपल्याकडे याची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. पैगंबर मुहम्मद (स.) यांना हलीमा सादिया यांनी वाळवंटात वाढवले आणि मग आई आमिना यांच्याकडे आणून सोपवले. परत दिले म्हणून हलीमा परक्या झाल्या नाहीत. पुढे त्या भेटायला आल्या तेव्हा पैगंबरांनी त्यांच्यासाठी आपली चादर अंथरली, असे रिवायतींमध्ये आहे. सूरह कससमधली हजरत मूसा यांची गोष्ट तर याहून थेट आहे. मूल फिरऔनच्या घरात पोहोचले, त्याच्या पत्नीने ते वाचवले. पण मूल दूध घेईना. तेव्हा मूसांची बहीण पुढे झाली आणि तिने सांभाळणाऱ्या घराचा पत्ता सांगितला. ते घर मूसांच्या आईचेच होते. त्या आयतीत सांभाळण्यासाठी जो शब्द आला आहे तो कफाल्याच्याच धातूतला आहे. एका मुलाला दोन स्त्रियांनी जगवले, आणि जन्मदात्या आईचे डोळे निवावेत हा हेतू तिथे स्पष्ट सांगितला आहे.

मग रोजच्या जगण्यात याचा अर्थ काय? मुलाने जन्मदात्या आईलाच अम्मी म्हणावे. तुम्ही खाला व्हा, चाची व्हा, त्यात कमीपणा नाही. मूल आले त्या आठवड्यात आईला विचारा: याला काय आवडते, कशाची भीती वाटते, झोपताना काय लागते? हे प्रश्न मुलाला समजून घ्यायला मदत करतातच, पण ज्या बाईला सगळ्यांनी 'नालायक आई' ठरवले तिला कोणीतरी पहिल्यांदा जाणकार म्हणून विचारते. आईचा फोटो घरात ठेवा. फोनचा दिवस ठरवा आणि तो पाळा. शाळेच्या पालकसभेला समितीची हरकत नसेल तर तिलाही बोलवा. ईदला मूल कुठे असेल हे महिनाभर आधी ठरवा. आईला झेपणार नाहीत अशा महागड्या वस्तू देऊन मुलाला विकत घेऊ नका. चाळीस हजारांचा फोन घेऊन ते पत्र्याच्या खोलीत परतले तर त्या खोलीचा त्याला तिटकारा येईल, आणि तो तुम्ही पेरलेला असेल. आणि काहीही झाले तरी मुलासमोर त्याच्या आईबापाला नावे ठेवू नका. मूल त्यांच्यातूनच आले आहे. तुम्ही त्यांना घाण म्हणालात तर ते स्वतःला घाण समजेल.

हे सोपे जाणार नाही. आई ठरलेल्या भेटीला येणार नाही आणि मूल दारात बसून राहील. भेटीनंतर ते दोन दिवस चिडेल, अंथरूण ओले करेल. लगेच 'बघा, भेटीमुळेच बिघडते' असा निष्कर्ष काढू नका. बिघडते ते ताटातुटीमुळे. काही घरी मारहाण असते, त्याहून वाईटही असते. तिथे मुलाची सुरक्षितता आधी, आणि जे दिसले ते समितीला सांगणे हे तुमचे कर्तव्य. मोहल्ल्याची इज्जत वगैरे त्यात आणू नका. पण गरिबी हा अत्याचार नाही, अडाणीपणा हा अत्याचार नाही, आणि बाई दुसरा निकाह करते हाही अत्याचार नाही. हा फरक ज्याला कळत नाही त्याने कफील होण्याची घाई करू नये.

आणि एक दिवस मूल जाईल. तुम्ही रडाल. रडावेच. पण ते जाणे म्हणजे तुमचे काम पुरे झाले. त्यानंतर परीक्षेच्या वेळी, आजारपणात, ईदच्या दिवशी ज्या दारी ते येऊ शकेल असे एक घर त्याच्याकडे जास्तीचे असेल.

तुम्ही पंचविशीत असाल तर

2024 च्या सूचनांनुसार एकट्या व्यक्तीला प्रतिपालक होण्यासाठी वय 35 ते 60 हवे. त्यात अविवाहित, विधवा, घटस्फोटित सगळे येतात. विवाहित जोडपे असेल तर किमान दोन वर्षांचा स्थिर संसार आणि दोघांचे मिळून वय किमान 70 हवे. मुले सहा वर्षांवरची असतात. म्हणजे हे वाचणाऱ्या बहुतेकांना आज अर्ज करता येणार नाही. पण तुमच्या आपाला, भाईजानला, मुले शिकून बाहेर गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या घरातल्या खाला-खालूंना करता येईल. त्यांच्यापर्यंत ही गोष्ट व्हॉट्सअॅपवरच्या फॉरवर्डने पोहोचणार नाही, त्यांच्या ओट्यावर बसून बोलावे लागेल. एकट्या राहणाऱ्या विधवा फुफीला 'तू हे करू शकतेस' असे आजवर कोणी म्हटले नसेल. तुम्ही म्हणा.

आपल्या जिल्ह्याचा बाल संरक्षण कक्ष कुठे आहे ते शोधा. प्रत्येक जिल्ह्यासाठी तो असतो. तिथे जाऊन तीन गोष्टी विचारा: जिल्ह्यात प्रतिपालक म्हणून नोंदलेली कुटुंबे किती? त्यात मुस्लिम किती? आपल्या भागातल्या किती मुलांना बालसंगोपनाची रक्कम मिळते आणि ती किती महिने थकली आहे? माहिती दिली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. मग तोच कागद घेऊन मशिदीच्या ट्रस्टींकडे जा.

आणि येत्या रमजानमध्ये यतीमखान्याची पावती घेऊन कोणी आले, तर पैसे देण्याआधी विचारा: तुमची नोंदणी आहे का? तुमच्याकडच्या किती मुलांच्या आया जिवंत आहेत? गेल्या वर्षभरात किती मुले घरी परत पाठवलीत? ज्या संस्थेला तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येते तिला जरूर द्या. जिला येत नाही, तिच्या वाट्याची जकात या वर्षी एखाद्या आईच्या घरभाड्याला द्या.